मधल्या विमानाची वाट : फोंडा ते हैदराबाद, १४४ मेगाहर्ट्झवर

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातल्या एका गावात, कुळागराच्या (माडा-पोफळींच्या बागेच्या) वरच्या अंगाला, सरांचं घर आहे. हायर सेकंडरीत भौतिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि जुना हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना पुन्हा वापरात आणला. त्यांचं नाव आणि कॉलसाइन (परवान्याबरोबर मिळणारं रेडिओवरचं ओळखनाव) इथं देत नाही. पलीकडच्या टोकाला हैदराबादेत राहणारे एक मूळचे सोलापूरकर आहेत, बँकेतले. त्यांचंही नाव नको. त्यांना आम्ही पहिल्यापासून ‘हैदराबादकर’च म्हणतो. मी डिचोलीचा. खांब उभा करायला, नोंदी ठेवायला आणि ध्वनिमुद्रणाला होतो, त्यामुळे घडलं ते जवळून पाहिलं आहे.

सरांना हवं होतं ते सांगायला सोपं होतं. फोंड्यातून हैदराबादला १४४ मेगाहर्ट्झवर थेट संपर्क करायचा, मध्ये रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं केंद्र) नाही, उपग्रह नाही. लघुलहरींवर हैदराबाद रोज मिळतं, कारण त्या आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परततात. १४४ मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र वर गेल्या की सहसा परत येत नाहीत, आणि सरळ जाऊ पाहिल्या तर पुढ्यात सह्याद्री. अंतर ५२६ किलोमीटर.

उपाय होता विमानाचा. ज्यांनी कौलांवर अँटेना लावून दूरदर्शन पाहिलं आहे त्यांना आठवेल, विमान जवळून गेलं की पडद्यावरचं चित्र थरथरायचं. थेट येणारी लहर आणि विमानाच्या पत्र्यावरून उसळून येणारी लहर एकमेकींत मिसळायच्या. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडात डॅव्हेंट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि आर्नल्ड विल्किन्स या शास्त्रज्ञांनी बीबीसीच्या लघुलहरी प्रक्षेपकाचाच वापर करून बॉम्बर विमानावरून आलेली लहर पकडली, आणि ब्रिटनमधल्या रडारची सुरुवात तिथून झाली. हॅम लोक तीच गोष्ट बोलण्यासाठी वापरतात.

विमान ११ किलोमीटर उंचीवर असेल, तर सपाट प्रदेशातून ते सुमारे ४३० किलोमीटरपर्यंत रेडिओच्या ‘नजरेत’ असतं. दोन्ही टोकांची नजर जोडली की हिशेबानं साडेआठशे किलोमीटर होतात. प्रत्यक्षात सातशे-आठशे धरावेत. मग ५२६ म्हणजे हातातलंच, असं आम्हा तिघांनाही वाटलं.

अडचण

दिवाळीनंतर काम सुरू झालं. सरांकडे ९ घटकांची यागी (एका दिशेला रोखलेली आडव्या दांड्यांची अँटेना), ९ मीटरचा खांब आणि २५ वॅट. हैदराबादकरांकडे तशीच यागी, पाचमजली इमारतीच्या गच्चीवर. आम्ही वाचलेल्या प्रत्येक मार्गदर्शनात एकच सल्ला होता: दोन केंद्रांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्यावरून विमान जाईल तेव्हा प्रयत्न करा.

मध्य म्हणजे २६३ किलोमीटर. नकाशावर तो मुद्देबिहाळच्या आसपास येतो. मुंबई–चेन्नई सरळ रेषा काढली तर ती आमची रेषा फोंड्यापासून सुमारे २६० किलोमीटरवर छेदते, म्हणजे जवळजवळ मधोमध. याहून चांगला योग कुठला? संध्याकाळचा चहा झाला की सर मोबाइलवर विमानांचा नकाशा उघडून बसायचे. चेन्नईचं विमान रेषेजवळ आलं की हैदराबादकरांना आधीच ठरलेल्या वेळेनुसार पाठवायला सुरुवात, आणि आम्ही इकडे कान लावून. पाच महिन्यांत साठेक प्रयत्न वहीत नोंदले आहेत. प्रत्येकापुढे एकच शब्द: ‘नाही’.

या काळात आम्ही यंत्रं तपासत राहिलो. केबल बदलली. गच्चीवरच्या जोडाला गंज चढला होता, तो काढून नवा बसवला. पडवीतला एलईडी दिवा बंद केला की पार्श्वभूमीची खरखर लक्षात येण्याइतकी कमी होते हे सापडलं. तेव्हापासून प्रयत्नाच्या वेळी सरांच्या घरच्या काकी तो दिवा मालवून समईच्या उजेडात बसायच्या. एसएसबीवर (आवाज पाठवण्याच्या पद्धतीवर) बोलून काही हाती लागेना म्हणून एफटी८ ही संगणकावरून छोटे संदेश पाठवण्याची पद्धत घेतली. त्यात १५-१५ सेकंदांच्या पाळ्या असतात, आणि बोललेलं समजायला लागतो त्याच्या शेकडोपटींनी क्षीण सिग्नलही संगणक वाचतो. तरीही पडदा कोराच.

एप्रिलअखेरीस हैदराबादकर फोनवर म्हणाले, “सर, आपलं गणित बरोबर आहे ना? विमान मध्यावर आहे, दोघांचे अँटेना समोरासमोर आहेत, मग जातंय कुठे?” सर काही बोलले नाहीत. त्या रात्री त्यांनी वहीत लिहिलं, ‘यंत्र नव्हे. भूगोल?’

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय खांब ९ वरून १८ मीटर करायचा. माझा कल त्याच्याकडे होता, आणि मी चुकत होतो. विमान कितीही उंच असलं तरी समोरच्या डोंगराची कडा ते किती खालून झाकते हे कोनानं ठरतं. सरांच्या समोरची कडा सुमारे ४ किलोमीटरवर. तिथं ९ मीटर जास्त उंचीनं कोन एक अष्टमांश अंशानं कमी होतो, बस. शिवाय जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या लहरीमुळे अँटेनाचा मुख्य झोत वर उचलला जातो. सपाट जमीन धरली तर ९ मीटरला तो ३.३ अंशांवर असतो, १८ मीटरला १.६ अंशांवर. आमच्या बाबतीत १८ मीटरचा झोत डोंगरावर आदळला असता.

दुसरा पर्याय शक्ती वाढवण्याचा. परवान्याच्या मर्यादेत राहायचं हे सरांनी आधीच ठरवलं होतं, आणि जो सिग्नल डोंगरानं अडवला आहे त्याला दुप्पट वॅट दिल्यानं वाट मिळत नाही.

तिसरा, १२९६ मेगाहर्ट्झवर जायचं. लहान अँटेनात जास्त लाभ (लहर एका दिशेला एकवटण्याची क्षमता) मिळतो, परदेशातले लोक तिथं भरपूर काम करतात. पण डॉप्लर (विमानाच्या हालचालीमुळे फ्रिक्वेन्सीचं सरकणं) नऊपट होतो, आणि आमच्या कुळागरातल्या ओल्या माडा-पोफळींतून ती लहर जाताना किती शोषली जाईल याची सरांना काळजी होती. तो पर्याय बाजूला ठेवला.

चौथा, दिशाच बदलायची. मुंबईकडे वळलो असतो तर क्षितिज मोकळं मिळालं असतं. पण किनाऱ्यालगत समुद्रावर गरम-थंड हवेचे थर जमतात, त्यांच्यामधून १४४ मेगाहर्ट्झच्या लहरी नळीतून जाव्यात तशा लांब जातात. मग सिग्नल विमानानं आणला की थरानं, हे सांगता येत नाही. सरांना विमानच हवं होतं.

पाचवा, दाबोळी आणि मोपा इथं उतरणाऱ्या विमानांचा उपयोग करायचा. मोपाचा मनोहर विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला, तेव्हापासून आमच्या डोक्यावरची वर्दळ वाढलीच आहे. पण उतरणारं विमान ३ किलोमीटर उंचीवर असेल तर ते सपाट प्रदेशातूनही सव्वादोनशे किलोमीटरपलीकडे दिसत नाही, आणि हैदराबाद त्याच्या दुपटीहून लांब. जवळचं विमान इतकं मोठं दिसतं, गर्जतं, की त्याच्यावर विश्वास बसतो. लांबच्या संपर्कासाठी ते निरुपयोगी.

निर्णायक सकाळ

मेच्या शेवटच्या आठवड्यात सर पहाटे अंगणात उभे होते. अँटेनाची दिशा उत्तरेपासून ६५ अंश, म्हणजे पूर्वेच्या बरीच डावीकडे. मेच्या अखेरीस सूर्य आपल्याकडे जवळजवळ तिथूनच उगवतो, ६८ अंशांवरून. फोंड्यासाठी काढलेली सूर्योदयाची वेळ होती ६ वाजून ३ मिनिटं. सूर्याची कोर डोंगराआडून बाहेर आली ६ वाजून १३ मिनिटांनी.

दहा मिनिटं. आपल्या अक्षांशावर त्या दिवसांत सूर्याला एक अंश चढायला साडेचार मिनिटं लागतात. हवेतल्या वक्रीभवनाचा हिशेब वजा केला की डोंगराची कडा निघाली २ अंशांवर.

दोन अंश म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढं. आम्ही नकाशावर सह्याद्रीची मुख्य रांग मोजली होती, तीस किलोमीटरवरची, आणि तिची उंची सव्वा अंशापर्यंतच भरते असं म्हणून निश्चिंत झालो होतो. घरासमोरची चार किलोमीटरवरची, जेमतेम १४० मीटर वर असलेली टेकडी आम्ही मोजलीच नव्हती. रोज दिसणारी वस्तू हिशेबात घ्यायची राहून गेली.

सरांनी फळ्यावर गणित मांडलं. क्षितिज शून्य अंशावर असेल तर ११ किलोमीटर उंचीवरचं विमान ४३० किलोमीटरपर्यंत दिसतं. कडा सव्वा अंशावर असेल तर २८५. दोन अंशांवर असेल तर २२८. लहर कड्यावरून थोडी वळते, म्हणून ही सीमा सुरीनं कापल्यासारखी नसते, पण सिग्नल तिथून झपाट्यानं ओसरतो. आमचा मध्य होता २६३ वर. पाच महिने आम्ही ज्या विमानांची वाट पाहिली ती सगळी टेकडीमागून गेली होती.

केलेली कृती

पहिलं काम, खात्री. मी एक छोटा यूएसबी रिसीव्हर आणला. विमानं १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा सतत कळवत असतात. तो संदेश थेट, कुणाच्याही मदतीशिवाय पकडायचा. मोबाइलवरचा नकाशा ठिकठिकाणच्या रिसीव्हरांकडून माहिती गोळा करतो, म्हणून त्यावर मुद्देबिहाळवरचं विमानही दिसतं. आमच्या अँटेनाला ते दिसतं की नाही हे तो सांगत नाही. आमच्या स्वतःच्या रिसीव्हरवर मात्र पूर्व-ईशान्येला जाणारी विमानं एकामागून एक २२०–२३५ किलोमीटरवर गप्प होत गेली. सरांच्या गणिताला यापेक्षा स्वच्छ दुजोरा मिळाला नसता.

हैदराबादकरांकडे शेजारच्या इमारतींमुळे क्षितिज साधारण तृतीयांश अंशावर होतं, म्हणजे त्यांची नजर ३९० किलोमीटरपर्यंत. ५२६ मधून ते वजा केले तर उरतात १३६. तेव्हा दोघांनाही दिसणारा पट्टा फोंड्यापासून १३६ ते २२८ किलोमीटरचा. मध्य त्यात नाहीच. पण मुंबई–बेंगळूरु सरळ रेषा आमची रेषा फोंड्यापासून सुमारे १५० किलोमीटरवर, गोकाकच्या आग्नेयेला छेदते. पुणे–बेंगळूरु १९० वर, बागलकोटजवळ. प्रत्यक्ष मार्ग थोडे इकडेतिकडे होतात, तरी मुंबई–बेंगळूरु हा देशातल्या सर्वाधिक वर्दळीच्या मार्गांपैकी एक. चेन्नईची वाट सोडून बेंगळूरुची धरायची, एवढाच बदल होता.

दुसरं काम, संदेश पाठवण्याआधी नुसता सिग्नल शोधायचा. हैदराबादकरांनी सकाळी दहा-दहा मिनिटं सलग वाहक लहर (संदेश नसलेला नुसता एक सूर) पाठवायची, मधूनमधून मोर्समध्ये कॉलसाइन द्यायची, आणि आम्ही ती रेकॉर्ड करून अरुंद पट्ट्यात पडद्यावर पाहायची. संच तासभर आधी चालू ठेवला, कारण तापताना तो स्वतःच सरकतो आणि ते सरकणं डॉप्लरसारखं दिसतं. दुसऱ्याच सकाळी पडद्यावर एक फिकट तिरकी रेघ उमटली. खऱ्या फ्रिक्वेन्सीच्या थोडी वर सुरू झालेली, मिनिटाला चौदा-पंधरा हर्ट्झनं उतरत खाली गेलेली. विमान रेषेकडे येताना वाट आखूड होत जाते म्हणून सूर चढा, ओलांडून गेल्यावर उतरता. बेंगळूरुला जाणारं असो की येणारं, रेघ नेहमी उतरतीच. सर खुर्चीतून उठले आणि पडद्याला बोट लावून नुसते उभे राहिले. मी त्यांचा विद्यार्थी नाही, पण त्या क्षणी वर्गात बसल्यासारखं वाटलं.

इथं एक निर्णय असा झाला ज्याबद्दल माझं आजही समाधान नाही. पावसाला आठवडा उरला होता. यागी खाली उतरवायची की चार-पाच दिवस सगळं पणाला लावायचं? मेअखेरच्या विजा लक्षात घेऊन सरांनी उतरवायचं ठरवलं. सुरक्षेच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. पण वीज संध्याकाळी यायची आणि आमच्या रेघा सकाळी दिसत होत्या. रोज सकाळी केबल जोडून दुपारपूर्वी काढून ठेवली असती, तर चार महिने वाचले असते असं मला वाटतं. सरांना ते अजून पटत नाही.

चवथ झाली, पाऊस ओसरला, ऑक्टोबरात यागी पुन्हा चढली.

निष्पत्ती

विमान रेषेला जवळजवळ काटकोनात ओलांडतं, त्यामुळे चांगला सिग्नल मिनिटभरच टिकतो. एफटी८ च्या एका पूर्ण संपर्काला सहा संदेश, म्हणजे नव्वद सेकंद लागतात. क्यू६५ या पद्धतीचाही विचार झाला. तीस सेकंदांच्या पाळीत ती जास्त क्षीण सिग्नल वाचते, पण मग एका विमानात दोघांना मिळून दोनच पाळ्या. शिवाय १४४ मेगाहर्ट्झवर एफटी८ च्या एका पाळीत डॉप्लर तीनेक हर्ट्झच सरकतो, आणि तिच्या सुरांमधलं अंतर सव्वासहा हर्ट्झ आहे. तेवढं चालतं. एफटी८ च ठेवायची आणि एक संपर्क दोन-तीन विमानांमध्ये विभागायचा असं ठरलं. १४४.१७४ मेगाहर्ट्झ.

पहिल्या विमानात दोघांच्या कॉलसाइन पोचल्या. दुसऱ्यात हैदराबादकरांचा अहवाल (आमचा सिग्नल किती जोराचा पोचला याचा आकडा) आला, उणे १६ डेसिबल, पण आमचा तिकडे पोचला नाही. इथं दोघांची कसोटी होती. फोन हाताशी होता. “आला का?” एवढं विचारलं असतं तर पुढची पाळी वाया गेली नसती. पण संपर्कातली माहिती संपर्काखेरीज दुसऱ्या कुठल्याही वाटेनं द्यायची नाही असं त्यांनी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. फोनवर फक्त वेळ ठरवायची. सरांनी फोन उलटा करून ठेवला आणि तोच अहवाल पुन्हा पाठवायला लावला. अठरा मिनिटांनी तिसरं विमान आलं. अहवाल पोचला, उत्तर आलं, आणि शेवटचा ‘७३’, हॅम लोकांचा निरोपाचा आकडा, दोन्हीकडे वाचला गेला. काकींनी पडवीतला दिवा लावला.

त्या महिन्यात असे पाच संपर्क पूर्ण झाले. अकरा अर्धवट राहिले. सगळे १४० ते २०० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या विमानांवरून. प्रत्येकाची रेघ आम्ही जपून ठेवली आहे, कारण ‘थरानं आलं असेल’ या शंकेला तेच उत्तर आहे.

डिसेंबरात एक रविवार आम्ही सगळा संसार जीपमध्ये घालून जवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, नेला. कातळावर खुंटा ठोकता येत नाही, म्हणून खांबाला दगडांची पोती बांधली. सड्यावरून घरासमोरची टेकडी पायाखाली जाते आणि उरते ती सह्याद्रीची सव्वा अंशाची रांग. नजर २८५ किलोमीटरपर्यंत. पाच महिने ज्यांनी दगा दिला असं आम्हाला वाटत होतं, त्या चेन्नईच्या विमानानं त्या दुपारी पहिल्याच फेरीत संदेश पोचवला.

काय वेगळं करता आलं असतं

१०९० चा रिसीव्हर पहिल्या दिवशी लावायला हवा होता. आपल्या अँटेनाच्या जागेवरून खरोखर कुठवर दिसतं हे तो एका दिवसात दाखवतो, आणि साठ प्रयत्नांची वही भरावी लागली नसती.

तेही नको असेल तर २००० साली अंतराळयान एंडेव्हरनं मोजलेली जमिनीच्या उंचीची माहिती फुकट मिळते. तिच्यावरून कुठल्याही दिशेच्या क्षितिजाचा कोन एका संध्याकाळी काढता येतो. आम्ही कागदी नकाशावर फक्त मोठं शिखर पाहिलं. जवळची लहान टेकडी दूरच्या मोठ्या डोंगरापेक्षा जास्त झाकते हे सरांनी वर्गात शंभरदा सांगितलं असेल, आणि तरीही ते निसटलं. सूर्याची वाट मेपर्यंत पाहायचीही गरज नव्हती. चंद्र दर महिन्याला त्या दिशेच्या जवळपास उगवतो.

‘मध्यावरचं विमान’ हा सल्ला चुकीचा नाही. दोन्हीकडे सारखं, मोकळं क्षितिज असलेल्या सपाट देशात तो तंतोतंत लागू पडतो. गोव्यात, घाटाच्या पायथ्याशी, आमचा कामाचा मध्य फोंड्याकडे सरकलेला होता. माझ्या मते पुढच्या माणसानं वाहक लहरीची चाचणी सुरुवातीलाच करावी, संदेशांच्या मागे नंतर लागावं. संदेश वाचला गेला नाही तर कारण कळत नाही. रेघ दिसली किंवा नाही दिसली, दोन्हींतून काहीतरी कळतं.

आता एक नवी गोष्ट समोर आहे. हैदराबादकरांच्या पश्चिमेला एक इमारत उभी राहते आहे आणि ती त्यांच्या गच्चीच्या वर चालली आहे. त्यांनी हिशेब पाठवला आहे: पूर्ण झाली की त्यांचं क्षितिज आमच्या दिशेला एका अंशावर जाईल, नजर ३९० वरून ३०९ वर येईल. म्हणजे फोंड्यापासून २१७ किलोमीटरच्या अलीकडचं काही त्यांना दिसणार नाही. घरून आम्हाला २२८ पर्यंतच दिसतं. बेंगळूरुची दोन्ही विमानं हातची जातील आणि उरेल ती सड्यावरून दिसणारी चेन्नईची. सरांनी सड्यावर नेण्यासाठी तीन तुकड्यांचा हलका खांब करायला दिला आहे. यंदा दसऱ्याआधी तो तयार होईल.